आवाज कसला येतोय?

आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा भलतीच श्रीमंत आहे. भांडी खणखणतात, पैंजण छुमछुमतात, जुने दार करकरते, वाऱ्यावर पत्रा थडथडतो, तान्ह्याच्या हातातला खुळखुळा खुळखुळतो आणि दम्याच्या माणसाची छाती घरघरते. एवढी संपत्ती घरात असताना आपण गाडी घेऊन गॅरेजमध्ये जातो आणि सांगतो काय, तर ‘गाडीतून कसलातरी आवाज येतोय!’ डॉक्टरांपुढे बसून ‘मला कसेतरी होतेय’ एवढेच सांगावे, त्यातला हा प्रकार. डॉक्टर निदान पुढचे चार प्रश्न विचारतात. कुठे दुखते, ठणकते की टोचते, जेवणाआधी की नंतर? गॅरेजमध्ये गर्दी असते. तिथे बॉनेट उघडले जाते, दोनदा रेस केली जाते आणि निकाल लागतो. पुष्कळदा तो बरोबर असतो. पण कधीकधी त्या निकालापायी धडधाकट इंजिन उगाच खोलले जाते.

हेदवीला आमच्या काकांच्या गाडीवर ही पाळी येता येता टळली, म्हणून हा विषय.

हेदवी गुहागर तालुक्यातले. दशभुज गणपतीच्या दर्शनाला जाऊन आलेल्यांना गाव सांगायला नको. वर जांभ्याचे सडे, मधे नारळी-पोफळीची आगरे आणि खाली समुद्र. काकांची गाडी तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, लहानशी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच, खाऱ्या वाऱ्याचा होता. गाडी २००९ सालची. म्हणजे २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षे पुरी होणार. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करायचे, तर मोटारीसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेलेले. शिवाय पर्यावरण कर निराळा. काकांची त्याला तयारी होती. पण माघी गणेशोत्सवाच्या आधी गाडीत खडखड सुरू झाली. गाडी धावते तेव्हा काही नाही. फाट्यावर एसटीला वाट द्यायला थांबली, गिअर न्यूट्रलला आला, पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, की सुरू. एका गॅरेजमध्ये सांगितले, “काका, टायमिंग चेन गेलेली आहे. इंजिन खोलायला लागेल. पंचवीस-तीस हजार धरून चाला.” काकांनी हिशेब मांडला. गाडीची किंमत ती किती, त्यात हा खर्च, त्यावर नोंदणी आणि कर. ठरले, गाडी भंगारात द्यायची.

हा हिशेब एका घरापुरता असता, तर मी मधे पडलो नसतो. पण वाडीत रात्री-अपरात्री कोणाला विंचू चावला, कोणाच्या छातीत कळ आली, कोणाच्या सुनेचे दिवस भरले, की पहिली हाक काकांना पडते. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि ती येतेही. पण ती येईतो अर्धी वाट काकांच्या गाडीने काटलेली असते. मोठे दवाखाने चिपळूणला, म्हणजे पन्नासेक किलोमीटर वळणावळणांचा रस्ता. तेव्हा ती गाडी जाणे म्हणजे काय, हे वाडीतल्या बायकांना काकांपेक्षा जास्त कळत होते.

मुळात गाडी उभी असतानाच खडखड का, याचे उत्तर आधी बघू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण आठशे-नऊशे फेरे घेते. तीन सिलिंडर आणि नऊशे फेरे धरा. म्हणजे मिनिटाला साडेतेराशे, सेकंदाला बावीस-तेवीस धक्के. ते धक्के पचवायला इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असते. पण ही रबरे भरभर येणारे बारीक धक्के चांगले पचवतात, सावकाश येणारे त्यामानाने कमी. म्हणून गाडी उभी असली की स्टिअरिंग थरथरते, आरसा थरथरतो. तीनऐवजी चार सिलिंडर असले की हीच थरथर पुष्कळ कमी होते.

आता ओटीवरच्या झोपाळ्याकडे बघा. झोपाळ्याला आपली एक लय असते. त्या लयीत नुसते बोट लावत गेले, तरी तो आढ्याला भिडू पाहतो, आणि लय चुकवून कितीही जोर लावला तरी हिसके तेवढे बसतात. गाडीखाली लटकलेल्या प्रत्येक सैल पत्र्याला, कंसाला, नळीला अशीच एकेक लय असते. उभ्या इंजिनाचे धक्के नेमके त्या लयीत पडले, की पत्रा नाचू लागतो. ॲक्सिलरेटर जरा दाबला, फेरे दोन हजारांवर गेले, की धक्के सेकंदाला पन्नास होतात, लय मोडते आणि पत्रा गप्प. तेव्हा गाडी उभी असताना वाजणारी आणि फेरे वाढताच थांबणारी खडखड बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटातली नसते. ती अंगावरच्या कुठल्यातरी सैल दागिन्याची असते. बहुतेक वेळा, असे मी जपून म्हणतो.

हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. काळ्या खडकातली अरुंद कपार. भरतीला लाट आत घुसते आणि मोठ्या गर्जनेनिशी पाण्याचा झोत वर उसळतो. लांबून आलेली मंडळी ओहोटीच्या वेळी पोचतात, कपारीत वाकून बघतात आणि ‘यात काय आहे?’ म्हणत परत फिरतात. गाडीच्या आवाजाचे तसेच. घरी खडखडणारी गाडी मेकॅनिकच्या दारात पोचली, की शहाण्या मुलासारखी गप्प उभी राहते. यात गाडीचा लबाडपणा काही नाही, भरतीची वेळ साधलेली नसते. म्हणून आवाज कुठून येतो याच्याआधी तो केव्हा येतो, याची नोंद ठेवावी. सकाळी पहिल्यांदा चालू करताना, की दहा मिनिटे चालल्यावर? एसी लावला असता, की बंद असता? क्लच दाबल्यावर, की सोडल्यावर?

आम्ही ही नोंद दोन दिवस ठेवली. शाळेच्या वहीत, पेन्सिलीने. सकाळी थंड गाडी चालू केली तेव्हा काहीच नाही. सात-आठ मिनिटांनी आवाज सुरू. क्लच दाबून-सोडून फरक नाही. एसी लावला की आवाज थांबे, बंद केला की पुन्हा सुरू.

यातल्या पहिल्याच नोंदीने चेनवरचा आरोप डळमळीत झाला. टायमिंग चेन ढिली झाली असेल, तर ती सर्वांत जास्त बोलते ती सकाळी थंड इंजिन चालू करताना, पहिले काही क्षण, जोवर तेलाचा दाब चढून चेन ताणणारा भाग कामाला लागत नाही तोवर. इथे थंडीत मौन आणि गरम झाल्यावर बडबड. क्लचची नोंदही बोलकी असते. दाबल्यावर आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टच्या बेअरिंगवर, आणि दाबल्यावर सुरू झाला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. इथे दोन्ही सुटले. एसीच्या नोंदीने मात्र चांगली माणसे फसतात. एसी लावल्यावर आवाज थांबला म्हणून एसीचा दोष, असे नव्हे. एसीचा भार पडतो म्हणून गाडीचा संगणक फेरे थोडे वाढवतो, आणि फेरे वाढले की झोपाळ्याची लय मोडते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी गाडी खळ्यात मोकळ्या हवेत घेतली. मोकळ्या हवेत हे महत्त्वाचे. बंद पडवीत किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावले. बॉनेट उघडल्यावर पदर, ओढणी, लांब बाही लांब ठेवावी, कारण रेडिएटरचा पंखा विजेवरचा असतो आणि इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, हे तर पाटीवर लिहून लावावे.

काका आत बसले, मी पुढे. गाडी तापली आणि आवाज सुरू झाला. आता आवाजाला नाव द्यायचे. इथे आपली मराठी कामाला येते. बारीक, एकसारखी टिकटिक असेल आणि फेऱ्यांबरोबर तिचा वेग वाढत असेल, तर व्हॉल्व्हच्या टॅपेटचा संशय घ्यावा. घरघर असेल तर अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा पट्ट्याच्या पुलीचे बेअरिंग. चीं-चीं असेल तर पट्टा. खुळखुळ्यासारखा आवाज गाडीच्या पोटाखालून येत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी फुटून तिचे तुकडे डब्यात फिरत असावेत. बोजड खडखड आणि त्याबरोबर अख्खी गाडी हलत असेल, तर माउंटिंगचे रबर फाटले असेल. आणि खोल, जड ठक-ठक, चढावर वाढणारी, तेलाच्या लाल दिव्याची साथ असलेली. ती ऐकली की गाडी तिथेच बंद करावी आणि दोरी बांधून न्यावी. तो इंजिनाच्या तळातल्या बेअरिंगचा आवाज असू शकतो आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटर हजारोंनी महाग पडतो. या यादीत फक्त हा एक आवाज असा, की जिथे थांबून ऐकत बसण्यात शहाणपण नाही.

काकांचा यातला कोणता, यावर आमचा एक शब्द ठरेना. काका ‘खडखड’ म्हणत होते, मी ‘तडतड’. काकू ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सूप बाजूला न ठेवता म्हणाल्या, “अहो, हे झाकण वाजतंय.”

“कसलं झाकण?”

“भाताला आधण आलं की पातेल्यावरचं पातळ झाकण कसं वाजतं? जड टोपाचं नव्हे, पातळ पत्र्याचं. तस्सं.”

निदान झाले होते. फक्त ते झाकण शोधायचे राहिले होते.

गाडीत असे झाकण असते. त्याला हीट शील्ड म्हणतात. गॅरेजमध्ये सगळे नुसते ‘पत्रा’ म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला असतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तो आणखी तापतो. त्या भागाचे तापमान कित्येक शे अंशांवर जाते. ती धग वायरी, रबरी नळ्या आणि पायाखालचा गालिचा यांना लागू नये म्हणून वरखाली पातळ पत्र्याची ढाल बोल्टांनी बसवलेली असते. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना असा कन्व्हर्टर सक्तीचा झाला, बरोबर बिनशिशाचे पेट्रोल आले. पुढे हे देशभर पसरले. पत्र्याची खडखड हा त्या मानाने नव्या पिढीचा आजार म्हणायचा.

नेमका कुठला पत्रा, हे कळायला नळी वापरली. आगरात शिंपण्यासाठी आणलेल्या रबरी नळीचा हातभर तुकडा. एक टोक कानाशी, दुसरे गाडीच्या भागांजवळ, न टेकवता, फिरवत न्यायचे. मेकॅनिक लोक लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून टोक इंजिनावर टेकवतात. तीही युक्ती उत्तम, पण फिरत्या पट्ट्याजवळ नवशिक्याने करू नये. पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप आला. आमची नळी त्याच घराण्यातली. ती एक्झॉस्टच्या वरच्या पत्र्याजवळ येताच झणझणाट कानात शिरला. लांब काठीने पत्रा हळूच दाबला; आवाज बंद. काठी काढली, सुरू. हे तीनदा केले. काका आतून ओरडले, “अरे, थांबला, थांबला!” मग इंजिन बंद करून दोन-अडीच तास गार होऊ दिले, कारण त्या भागाला तापलेला असताना हात लागला तर कातडी तिथेच राहते.

बोल्ट दोन होते. एकाचे डोके गंजून झडले होते. दुसरा शाबूत, पण पत्र्याला पडलेले भोक गंजाने खाऊन दुप्पट झालेले. थंड असताना पत्रा कसाबसा अडकून बसे; तापून प्रसरण पावला की सुटे आणि वाजे. समुद्रकाठी हे व्हायचेच. वाऱ्यातले मीठ लोखंडावर बसते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंजाचा वेग वाढवते. त्यात हा पत्रा रोज तापतो, निवतो, त्यावरचा मुलामा उडतो. पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल सांध्यांत अडकतो आणि ओल धरून ठेवतो. घाटावर वीस वर्षे टिकणारा पत्रा इथे दहा-पंधरा वर्षांत जाळीदार झाला तर नवल नाही.

गावातला एक तरुण दुचाकी दुरुस्त करतो, त्याला बोलावले. त्याने पत्रा पाहिला आणि म्हणाला, “काका, काढून टाकतो. याच्यावाचून काय अडत नाय.” असे पुष्कळ ठिकाणी करतात. आवाज जातो, गिऱ्हाईक खूष. पण मला हे पटत नाही, आणि कोकणात तर मुळीच नाही. दिवाळीनंतर सड्यावरचे गवत वाळून कोळ होते. माघ-फाल्गुनात एका ठिणगीने वणवा पेटतो आणि कोणाच्यातरी आंब्या-काजूच्या कलमांची राखरांगोळी होते. अशा गवतावर तापलेली गाडी उभी केली, तर उघड्या कन्व्हर्टरची धग ते पेटवू शकते. त्यासाठीच तर ती ढाल आहे. त्या पोराला हे सांगितल्यावर त्याने ऐकले. त्याच्या काकाची बाग आदल्या वर्षी जळाली होती.

मग त्याने काम मात्र नामी केले. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले. सकाळी तुटक्या बोल्टाचा राहिलेला भाग पान्याने काढला, तेल नीट पुसून घेतले. भोक मोठे झाले होते तिथे रुंद स्टीलचे वॉशर दोन्ही बाजूंनी घातले. जिथे भोकच उरले नव्हते, तिथे पाइप आणि पत्रा मिळून स्टेनलेस स्टीलची मोठी होज क्लिप आवळली. फार घट्ट नाही; पत्र्याला तापल्यावर फुगायला जागा हवी. खर्च साडेतीनशे रुपये, त्यातले दोनशे त्याची मजुरी, आणि तीही काकांनी बळेच दिली.

आवाज लपवण्याचीही एक जुनी युक्ती आहे, तीही सांगून टाकतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पद्मिनी टॅक्सी होत्या तेव्हा कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून उभ्या इंजिनाचे फेरे वाढवता येत. खडखड थांबे, पेट्रोल जाई. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आता इंजिनाचे फेरे संगणक सांभाळतो. तरी जुनी गाडी विकत घेताना काटा बघावा. गाडी तापल्यावर, एसी बंद असताना फेरे हजाराच्या खूप वर दिसले, तर विक्रेता कशावर तरी पांघरूण घालत असण्याची शक्यता आहे. आणि गाडी आधी चालू करून तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. थंड गाडीचा पहिला आवाज ऐकल्याशिवाय व्यवहार करू नये.

संगणकावरून आठवले. हल्ली गॅरेजमध्ये गाडीला यंत्र जोडून दोष वाचतात. यंत्र चांगले आहे. इंजिनाच्या ज्वलनातला बिघाड, सेन्सरची तक्रार ते चटकन सांगते. पण सैल पत्र्याला सेन्सर नसतो. काकांच्या गाडीलाही ते जोडले होते म्हणे, आणि त्यात काही निघाले नाही. तेव्हाच विचार करायला हवा होता, पण गिऱ्हाइकांची रांग लागलेल्या माणसाला तेवढी फुरसत कुठून असणार!

२०२४ मध्ये काका तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरीला गेले. तपासणी झाली, कर भरला, नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी मिळाली. आता दर पंधरवड्याला गाडीच्या पोटाखाली विहिरीच्या गोड्या पाण्याचा फवारा मारायचा असा नेम आहे. ते काम शाळकरी नातवाकडे. त्या पावसाळ्यानंतर क्लिप एकदा पुन्हा आवळावी लागली. आणि दसऱ्याच्या सुमारास गाडीत नवी किणकिण सुरू झाली, तेव्हा काकांनी आधी वही काढली. ती डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या काकूंच्या चष्म्याच्या डबीची निघाली.